पाण्यावरून दिसणारी जमीन

बोर्ली पंचतन,
२० नोव्हेंबर १९२७

जुन्नरचे नजमुद्दीनभाई कागदी यांना बोर्लीच्या अब्दुस्समद तांडेलाचा सलाम.

आपण दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. माझ्या शिडाच्या फत्तेमारीचे जुने, झिजलेले तागाचे दोर माझा मुलगा इक्बाल घाट चढून तुमच्याकडे आणायचा आणि तुम्ही त्यांचा कागद करायचात, एवढीच आपली ओळख. त्या येण्याजाण्यातून तुमच्या जहुराची आणि त्याची सोयरीक जमली. तुम्हाला ती रुचली नाही. कल्याणला तिच्या मामाच्या घरी निकाह झाला तेव्हा तुम्ही आला नाहीत. तुमची ती एकुलती मुलगी, आणि तुम्हाला घरात राहून कागदाच्या लगद्याचा हौद सांभाळणारा जावई हवा होता, हे मला मागाहून कळलं. तुमच्या जागी मी असतो तर मीही रुसलो असतो. तेव्हा त्याबद्दल तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही.

उर्दू मला वाचता येते, लिहिताना हात अडखळतो. मराठी शाळेत चार इयत्ता काढल्या, म्हणून मराठीत लिहितो. तुम्ही कचेऱ्यांना कागद पुरवलेला, तुम्हाला वाचायला जड जाऊ नये.

मुलगी खुशाल आहे. इकडची दमट हवा तिला पहिल्या पावसाळ्यात मानवली नाही, आता मानवते. मासे खायला शिकली, काटे काढायला अजून शिकते आहे. माझी बायको जैबुन्निसा तिच्या ताटातले काटे काढून देते आणि वर तोंडानं चिडवते. दोघींचं बरं चाललं आहे.

आता खरी गोष्ट. आमची सुपारीची छोटी वाडी दिवेआगरच्या अंगाला आहे. मध्ये मध्ये केळी आहेत. घड काढले की केळीचे खुंट तोडून बांधावर टाकतो, ते तिथंच कुजतात. गेल्या महिन्यात घरात असा वास सुटला की जैबुन्निसानं सगळा माळा झाडून काढला, तिला वाटलं उंदीर मेला. शेवटी मागच्या पडवीत तीन रांजण सापडले. जहुरानं केळीची सोपटं बारीक करून शिंपल्यांच्या चुन्यात भिजत घातली होती. मी विचारलं, हे काय. ती आधी घाबरली, मग म्हणाली, "बावा, अब्बांकडे मी वाळलेला कागद फक्त घोटून गुळगुळीत करायची. हौदात हात घालायची मला परवानगी नव्हती. पण डोळे मिटून घे, असं कुणी सांगितलं नव्हतं."

मला हसू आलं. तुम्हाला येईल की नाही, सांगता येत नाही.

हौदातून लगद्याचा थर उचलायचा साचा तिनं स्वतः केला. नारळाच्या झावळीचे हीर ब्लेडसारखे पातळ चिरले आणि चटईसारखे शेजारी शेजारी लावले. ते बांधायचं काम माझ्याकडे आलं. चाळीस वर्षं दोरांना गाठी मारल्या, पण इतक्या बारीक गाठी कधी मारल्या नव्हत्या. हौद म्हणून आमची फुटकी होडी वापरली, तिची भोकं डांबरानं बुजवली. पहिले कागद उचलतानाच फाटले, नंतरचे वाळताना. मग एक टिकला. इक्बाल तेव्हा घरी होता. त्यानं तो कागद दारात उजेडाला धरला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

सोबत एक कागद पाठवतो आहे. त्यात ओल्या लगद्यावर तिनं सुपारीच्या सालीचे तंतू उभे मांडून वरून दाबले आहेत. डिंक नाही, रंग नाही. भर दुपारी आमच्या वाडीत उभं राहिलं की पोफळी अशाच दिसतात, सगळ्या उंच आणि खाली जमिनीवर उजेडाचे तुकडे. मला हे फार आवडलं. तुमच्या मुलीचं आहे म्हणून तुम्हाला पाठवावंसं वाटलं.

इकडचे सगळे तुम्हाला सलाम सांगतात. जहुरानं सांगितलेला नाही. ती नुसती दारात उभी आहे आणि मी काय लिहितो ते दुरून पाहते आहे.

अब्दुस्समद

*

बोर्ली पंचतन,
११ मार्च १९२८

नजमुद्दीनभाईंना सलाम.

कागद परत आला. मागच्या बाजूला तुमच्या अक्षरातली ओळ वाचली: "कागद लिहिण्यासाठी असतो, त्याचा खेळ करू नये." अक्षर फार देखणं आहे. जहुरानं ती ओळ वाचली, कागद पेटीत ठेवला आणि भाकऱ्या थापायला गेली. त्या दिवशी भाकऱ्या जाड झाल्या.

मी तुमच्याशी वाद घालणार नाही. तुमच्या घराण्यानं कुराणशरीफसाठी कागद केलेला आहे, त्याची अदब मला कळते. पण माझंही थोडं ऐका. मी जन्मभर जे वाचलं त्याला अक्षरं नव्हती. समुद्रातून किनारा दिसला की कुठल्या डोंगराला खांदा आहे, कुठला सपाट आहे, माडांची रांग कुठं तुटते, यावरून मी ठिकाण ओळखायचो आणि माणसांना घरी आणायचो. जहुराचा कागद मी तसाच वाचतो. त्यात काहीच लिहिलेलं नाही असं मला वाटत नाही.

गावातही कुजबुज झाली. तांडेलाची सून तसबिरी करते, असं कुणीतरी मौलवीसाहेबांच्या कानावर घातलं. ते स्वतः घरी आले. मी सगळे कागद ओटीवर मांडले. त्यांनी एकेक उचलून पाहिला, कुठं माणूस, गुरं, पाखरू आहे का ते शोधलं. एकही जीव सापडला नाही. खाडीकाठच्या खाजणाच्या कागदापाशी ते थांबले. तो तिनं भाताच्या पेंढ्याचा आणि काथ्याचा लगदा एकावर एक ओतून केला आहे, चिखलाचा रंग अगदी चिखलाचा. त्यांनी मला विचारलं, ही भरती की ओहोटी. मला सांगता येईना. दाराआडून जहुरा म्हणाली, "ओहोटी. पाणी गेल्यावर चिखलावर वळ उरतात, ते आहेत." मौलवीसाहेबांनी पुन्हा वाकून पाहिलं. जाताना म्हणाले, जिवाचं चित्र नाही, माझी हरकत नाही. त्यानंतर कुजबुज थांबली.

इक्बाल आता माझ्या जागी फत्तेमारीवर असतो. मंगळूरहून कौलं आणि मलबारहून सुपारी मुंबईला पोचवतो. बाकीचे खलाशी घरी बांगड्या, साबण, अत्तर आणतात. हा प्रत्येक बंदरावरून गवतं, साली, मुळ्या गोळा करून आणतो. गेल्या खेपेला मलबारातून अननसाच्या पानांचा दोरा आणला, रेशमासारखा पांढरा. जैबुन्निसा म्हणाली, बायकोला कचरा आणून देणारा नवरा पहिल्यांदाच पाहिला. जहुरा तो दोरा हातात घेऊन हसत होती, तेव्हा इक्बालचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

जहुराला सध्या दिवस पुरत नाही. भेंडीच्या सालीचा वाख कुटला की करडा निघतो, घायपाताचा पांढरा, सुपारीच्या सालीचा तांबूस. आमच्या वाटेवर जे पडलेलं असायचं, पायानं बाजूला सारायचं, त्यातून ही मुलगी आमचीच वाट आम्हाला करून दाखवते. या वयात मी रस्त्यानं खाली बघत चालायला लागलो आहे.

तुम्ही उत्तर लिहिलं नाहीत तरी मी अधूनमधून लिहीत जाईन. राग मानू नका.

अब्दुस्समद

*

बोर्ली पंचतन,
३ ऑगस्ट १९२९

नजमुद्दीनभाई,

कल्याणहून तुम्हाला कळलं असेल, तरी माझ्याकडूनही कळावं.

मे महिन्याच्या अखेरीस मुंबईहून परतताना आपली फत्तेमारी भरडखोलच्या समोर वादळात सापडली. घर इतकं जवळ होतं. एकच खलाशी फळकुटाला धरून काठाला लागला. इक्बाल पाण्याखाली गेलेला त्यानं डोळ्यांनी पाहिला. भरडखोलचा धर्मा कोळी सुकाणूवर होता, तोही गेला. धर्माचा देह तिसऱ्या दिवशी मिळाला. इक्बालचा मिळाला नाही. मय्यत समोर नसतानाच गायबाना नमाज पढलो.

जहुरा इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस घरातच. जेवते. तिच्याबद्दल तुम्ही काळजी करू नका. जैबुन्निसा तिला जवळ घेऊन झोपते.

मी ठीक आहे.

अब्दुस्समद

*

बोर्ली पंचतन,
१५ डिसेंबर १९२९

नजमुद्दीनभाईंना सलाम.

तुमचं पत्र आलं. तुम्ही लिहिता, इद्दत संपली, आता माझी मुलगी परत पाठवा, माझा पुतण्या तिच्याशी निकाह करायला राजी आहे, तो हौदही चालवेल. बापाला असं वाटणं बरोबर आहे. ती अजून तरुण आहे. तिनं जन्मभर आमच्या पडवीत बसावं असं मलाही वाटत नाही.

मी ते पत्र तिला पूर्ण वाचून दाखवलं. जैबुन्निसा समोर बसली होती. पत्र संपल्यावर तिनं पदरानं तोंड झाकलं, पण थांब म्हणाली नाही. मी जहुराला सांगितलं की हे घर आधी इक्बालमुळं तुझं होतं, आता तुझ्या स्वतःमुळं तुझं आहे. जायचं ठरवलंस तर मी स्वतः घाट चढून तुला पोचवीन, राहायचं ठरवलंस तर कुणाला विचारायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी जहुरा विहिरीवरून आली, घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "अब्बांना लिहा, मी येईन. पण कागद करायला येईन. ते साचा माझ्या हातात देणार असतील तर."

मी विचारलं, आणि निकाहाचं काय लिहू. ती म्हणाली, ते मला ठरवू द्या, आत्ता त्यातलं काही ठरवायची ताकद नाही.

तिचे शब्द होते तसे लिहिले आहेत. तुम्ही हो म्हणालात तर कळवा, मी तिला घेऊन येतो.

पडवीतली होडी कोरडी पडली आहे. मे महिन्यापासून तिनं तिच्यात पाणी घातलेलं नाही.

अब्दुस्समद

*

बोर्ली पंचतन,
२ एप्रिल १९३१

नजमुद्दीनभाईंना सलाम.

तुमचं उत्तर आलं नाही, त्यावरून समजलो. जहुरानंही पुन्हा विचारलं नाही. पण इकडं जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एखाद्याच्या मुलीनं असं काही केलं आणि बापाला ते ठाऊकच नाही, हे मला बरं वाटत नाही.

गेल्या वर्षीच्या थंडीत एके सकाळी मी ओटीवर बसलो होतो. खरं सांगायचं तर त्या मे महिन्यापासून मी धक्क्यावर गेलो नव्हतो, समुद्राकडे पाठ करून बसायची सवय लागली होती. जहुरा आली आणि म्हणाली, "बावा, त्यांना शेवटी काय दिसलं असेल?"

मी म्हटलं, जमीन. घर जवळ होतं, जमीन दिसत असणार. ती म्हणाली, कशी दिसते? मी सांगायला लागलो, इथून असा डोंगर, तिथून तशी वाडी. थोडं ऐकून घेऊन ती म्हणाली, सांगून समजत नाही, दाखवा.

आमच्यात बायका अशा मचव्यात बसत नाहीत. तांडेलाची बायको होऊन जैबुन्निसा जन्मात कधी होडीत बसली नव्हती. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. उत्तर जैबुन्निसानं दिलं. ती म्हणाली, मी बरोबर येते, म्हणजे लोकांना बोलायला एकीऐवजी दोघी मिळतील. भरडखोलला गेलो तर धर्मा कोळ्याची बायको बायजा धक्क्यावर होती. कशाला आलात ते तिला कळल्यावर तिनं दिराला मचवा काढायला सांगितला आणि स्वतः चढून बसली.

वारा मंद होता. फळकुटाला धरून वाचलेला तो खलाशी बरोबर होता, त्यानं जागा दाखवली. मी मचवा तिथं थांबवला आणि पहिल्यांदाच मान वर करून किनाऱ्याकडे पाहिलं. तिथून वाळू म्हणजे नुसता एक दोरा. तिच्यामागं वाडी, काळसर हिरवी, एकही झाड वेगळं दिसत नाही. त्यामागं आमचे डोंगर, आणि त्याच्याही मागं म्हसळ्याच्या अंगाचे फिकट, धुरासारखे. जैबुन्निसाला उलट्या होत होत्या, तरी ती डोळे फाडून बघत होती. आपलं गाव पाण्यावरून असं दिसतं हे तिला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

जहुरा रडली नाही. ती मला विचारत राहिली. मे महिन्यात हे डोंगर कुठल्या रंगाचे असतात? मी म्हटलं, पिवळे, गवत वाळलेलं असतं. सांजेला? तांबूस. वादळ यायच्या आधी? मी सांगितलं की तेव्हा जमीन फार स्वच्छ दिसते, रोजच्यापेक्षा जवळ वाटते, हात लांब केला तर लागेल अशी.

घरी आल्या आल्या तिनं होडीत पाणी भरलं.

तो कागद पुरा व्हायला कितीतरी महिने लागले, मधला सगळा पावसाळा त्यातच गेला. आमच्या ओटीच्या भिंतीवर तो आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आहे. अनेक कागद ओले असतानाच कडेला कड दाबून जोडलेत, सांधा सापडत नाही. डोंगर वाळलेल्या गवताचे, मागचे डोंगर केळीच्या सगळ्यात पातळ लगद्याचे, उजेड आरपार जाईल इतके. वाडी काथ्याची आणि भेंडीच्या वाखाची. खडकाच्या जागी तिनं काथ्या न कुटता तसाच बसवला आहे, हाताला टोचतो. आणि लाटांचा फेस अननसाच्या दोऱ्याचा. इक्बालनं आणलेला होता तेवढा सगळा तिनं त्यात घातला, जपून ठेवला नाही.

भाईसाहेब, मी किनारे खूप पाहिलेत. कराचीपासून कोचीनपर्यंत पाहिलेत. पण हा कागद भिंतीवर चढला तेव्हा मला ओटीवर उभं राहता येईना, पायाखाली पाणी असल्यासारखं वाटलं. एवढंच लिहितो. चित्राचं कौतुक कसं करतात ते मला येत नाही.

बायजाला तो दाखवायला बोलावलं. ती बिचकत आली, भिंतीपासून लांब उभी राहिली. जहुरा म्हणाली, हात लाव, हाताला कळावं म्हणूनच केलं आहे. बायजानं डावीकडून हात फिरवत आणला. काथ्याच्या खडबडीत जागी तिची बोटं थांबली.

"ही आमची खडपं," ती म्हणाली. "हितं त्यो जाळी सुकवायचा." मग तिनं हात उचलला नाही, तसाच ठेवून म्हणाली, "म्हंजी पान्यातून त्याला घर दिसत व्हतं. मला वाटायचं, अंधारात गेला."

जहुरानं तिचा हात धरला. दोघी तिथंच खाली बसल्या.

आता आसपासच्या गावांतून बायका येतात. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा मुलगा, कुणाचा आफ्रिकेला गेलेला भाऊ परतलाच नाही. येतात, हात फिरवतात, आपलं गाव शोधतात. जैबुन्निसा सगळ्यांना चहा करते आणि कुठला डोंगर कुठला ते समजावून सांगते, जणू तिनंच गलबत चालवलं आहे.

मी पुन्हा धक्क्यावर जाऊन बसायला लागलो आहे.

अब्दुस्समद

*

बोर्ली पंचतन,
२४ नोव्हेंबर १९३४

नजमुद्दीनभाईंना सलाम.

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. थोडक्यात लिहितो.

श्रीवर्धनच्या शाळेतले एक मास्तर दिनानाथ म्हणून आहेत, त्यांनी जहुराचा मोठा कागद पाहिला आणि पुण्याच्या स्वदेशी प्रदर्शनवाल्यांना कळवलं. त्यांचं बोलावणं आलं आहे. जहुराला आधी कागद पाठवायचा नव्हता. भिंत मोकळी झाली तर बायका येऊन परत जातील, म्हणाली. बायजानंच तिला समजावलं, की पुण्याच्या लोकांनाही एकदा पाण्यावरून बघू दे. शेवटी दोन अटींवर तयार झाली. कागद विकायचा नाही आणि कुणी हात लावला तर अडवायचं नाही.

जैबुन्निसाला ताप येतो, म्हणून जहुरा घरीच थांबते. दिघीच्या बोटीनं मुंबई आणि तिथून आगगाडीनं पुण्याला मी एकटाच जातो आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथं असेन.

तुमचा हौद बंद पडल्याचं कल्याणवाल्यांकडून ऐकलं. गिरणीच्या कागदापुढं कुणाचंच चालत नाही म्हणतात. ऐकून वाईट वाटलं. तुमच्या घराण्याचा कागद मी पाहिलेला आहे, इक्बालनं एकदा आणला होता.

जुन्नरहून पुणं काही फार लांब नाही. बाकी तुमची मर्जी.

अब्दुस्समद

*

बोर्ली पंचतन,
१३ जानेवारी १९३५

नजमुद्दीनभाई,

आज मला एका माणसाबद्दल लिहायचं आहे. तुम्ही त्याला चांगले ओळखता.

प्रदर्शनात आमच्या कागदाला मोठी भिंत मिळाली होती. मी समोर स्टुलावर बसायचो. शहरातली माणसं यायची, लांबूनच छान म्हणायची, पुढं चरख्यांकडे जायची. काहींनी हात लावला, बहुतेकांना धीर झाला नाही. एक बाई मात्र फेसावरून बोट फिरवत राहिली आणि रुमालानं डोळे पुसत निघून गेली. तिचं कोण गेलं होतं ते मी विचारलं नाही.

नाताळ झाल्यावर एका दुपारी एक वयस्कर गृहस्थ आले. पांढरी दाढी, टोपी, गळ्यात लोकरीचा मफलर. हात पाठीमागं बांधलेले. बाकी सगळे आधी डोंगर पाहायचे. यांनी डोंगरांकडे पाहिलंच नाही. सरळ कागदाच्या कडेपाशी गेले, चश्मा कपाळावर चढवला आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. मग कागदाला हात लावला तो बोटाच्या टोकानं नाही, बोटाच्या पाठीनं. कागद पारखणारा माणूस घामेजलेलं टोक लावत नाही, हे जहुरानं मला फार पूर्वी सांगितलं होतं. मी स्टुलावरून उठलो.

त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "हा कागद कुणी उचलला?"

मी म्हटलं, आमच्या घरचा आहे. ते म्हणाले, "घर विचारत नाही. हात विचारतो आहे. लगदा सगळीकडे एकदम बसला आहे, मागून कुठंही भर घातलेली नाही. माझे वालिद असा उचलायचे. मला कधी इतका साधला नाही."

"हात बाईचा आहे," मी म्हटलं.

मग पहिल्यांदा मागं सरकून त्यांनी सगळा किनारा पाहिला. डावीकडून उजवीकडे, सावकाश. मी सांगितलं की हा किनारा समुद्रातून दिसतो तसा आहे, जिथून दिसतो तिथं तिचा नवरा बुडाला. त्यांनी विचारलं, हे पांढरं कशाचं. मी सांगितलं, अननसाच्या पानांचं, तो मलबारातून तिच्यासाठी घेऊन आला होता. ते वाकले आणि त्या पांढऱ्या रेघेवर बोटाची पाठ टेकवून उभे राहिले. या वेळी ते कागद पारखत नव्हते.

निघताना म्हणाले, "तिला सांगा, डाव्या कडेला पाणी राहतं आहे. कागद तिथं जाड होतो."

दारापाशी त्यांना बसावं लागलं. एका स्वयंसेवकानं पाणी दिलं. मी गेलो नाही. त्यांनी ओळख दिली असती तर धावत गेलो असतो. दिली नाही, म्हणून त्यांच्या मनाचा मान ठेवून जागीच उभा राहिलो. पण ते दिसेनासे होईपर्यंत पाहत होतो, आणि त्या दिवशी मला पुण्याची थंडी वाजली नाही.

घरी आल्यावर जहुराला सगळं सांगितलं. त्यांचं नाव घेतलं नाही, तिनंही विचारलं नाही. मफलर कुठल्या रंगाचा होता एवढंच विचारलं. मी सांगितलं, तपकिरी. त्यावर ती फळीकडे वळली आणि म्हणाली, "कुठली कड म्हणालात?"

डावी, मी म्हटलं.

तिनं फळीवरचे नवे जुने सगळे कागद काढले आणि एकेक उजेडाला धरला. प्रत्येकाची डावी कड जाड. इतक्या वर्षांत तिला दिसलं नाही, मला दिसलं नाही, गावोगावच्या बायकांचे हात फिरून गेले, त्यांनाही लागलं नाही. जहुरा हसायला लागली. खळखळून हसली. जैबुन्निसा तापातून नुकतीच उठली होती, ती भिंतीला धरत ओटीवर आली. ते हसणं या घरात आम्ही दोघांनी कितीतरी वर्षांनी ऐकलं.

तेव्हापासून ती रोज होडीपाशी उभी आहे. साचा असा कलता करून पाहिला, तसा करून पाहिला. कड पातळ होते, तर मधला लगदा सरकतो. काल मी म्हटलं, तुझ्या अब्बांना लिहून विचारतो, ते काय करायचे ते लिहून कळवतील. तिनं ओले हात पुसले.

"लिहून नाही कळायचं, बावा," ती म्हणाली. "माझे हात धरून दाखवावं लागेल."

म्हणून हे पत्र. येत्या बुधवारच्या बोटीनं आम्ही दोघं निघतो आहोत. ती महिनाभर राहील आणि मग इकडे परत येईल, तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या इथं पुष्कळजणी आहेत. निकाहाचं बोलणं काढू नका, मागचंही काढू नका. तुमच्याकडच्या डोंगरांचा कागद करावा असं तिच्या मनात आहे, ते ती स्वतः बोलेल.

तिला मासे आता काट्यांसकट खाता येतात, पण तुमच्याकडे ते कुठून मिळणार. जे असेल ते चालेल. आम्ही पोचायच्या आत फक्त हौद घासून त्यात पाणी भरून ठेवा.

अब्दुस्समद